वाट पाहणारी बाटली

ह्यांच्या नोकरीमुळे काही वर्षं आम्ही फ्रान्समध्ये बोर्दोला होतो. एका नाताळला शेजाऱ्यांनी जेवायला बोलावलं. यजमानांनी वडिलांनी तळघरात जपलेल्या मेदोकच्या दोन बाटल्या काढल्या : १९७६ आणि १९८२ सालच्या. गाळ तळाशी बसावा म्हणून दोन दिवस आधीच त्या उभ्या ठेवल्या होत्या. मेणबत्तीच्या उजेडात मानेकडे पाहत त्यांनी वाइन हलकेच सुरईत ओतली. गाळ दिसताच हात थांबला.

१९८२ची वाइन कडेला विटकरी झाली होती. मी भीतभीतच घोट घेतला. तुरटपणा पार निवलेला, वास सुकल्या पानांसारखा. १९७६ची मात्र आंबट, निर्जीव लागली.

"बाबा मोठ्या प्रसंगाची वाट पाहत राहिले," यजमान म्हणाले. "माझं लग्न झालं, नातू झाला. त्यांना काहीच पुरेसं मोठं वाटलं नाही."

कुणीच काही बोललं नाही.

पुढच्या सुट्टीत पुण्याला आल्यावर आईनं दिलेली पैठणी ट्रंकेतून काढली. घडीवर रेशीम विरू लागलं होतं. त्याच संध्याकाळी ती नेसले. हे म्हणाले, "आज काय आहे?"

"मंगळवार," मी म्हटलं.