जांभळं झाकण

माझं बालपण माण तालुक्यात गेलं. टँकरचा हॉर्न वाजला की आई तव्यावरची भाकरी तशीच टाकून हंडा घेऊन पळायची. त्यामुळे कॅलिफोर्नियात आल्यावर पेबल बीचचं गोल्फ मैदान पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा मला ते सुंदर वाटलंच नाही. राग आला. इथला पाऊस हिवाळ्यातला. उन्हाळा कोरडा ठक्क. वाटेतले डोंगर वाळून पिवळे पडलेले, आणि समुद्राच्या कड्यावर हे हिरवंगार गवत! ही पाण्याची चोरी आहे, असं मी महाराष्ट्र मंडळात, गावी फोनवर, जिथे विषय निघेल तिथे वर्षानुवर्षं सांगत आलो.

मग आई इथे आली. तिला समुद्र दाखवायला तिथेच नेलं. अठराव्या होलजवळ ती वाटेच्या कडेला वाकून काहीतरी न्याहाळत होती. गवतात वाटीएवढं जांभळं झाकण होतं, स्प्रिंकलरचं. जांभळा रंग म्हणजे शुद्ध केलेलं सांडपाणी, पिऊ नये. आईला सांगितलं, तर म्हणाली, "आपण मोरीचं पाणी अळूला सोडतो, तसंच की हे."

इतकी वर्षं इथे राहून मी ते झाकण पाहिलं नव्हतं.

घरी येऊन वाचत बसलो. 1994 पासून शेजारच्या कार्मेल परिसराचं सांडपाणी शुद्ध करून पेबल बीचच्या गोल्फ मैदानांना देतात. एरवी ते उपसागरातच जात होतं. सुरुवातीला त्यातल्या क्षारांनी ग्रीनवरचं, म्हणजे होलभोवतीचं, नाजूक गवत खराब व्हायला लागलं. क्षार धुऊन काढायला पुन्हा पिण्याचंच पाणी ओतावं लागे. म्हणून पुढे क्षार काढणारी यंत्रणा बसवली, आणि हिवाळ्यात तयार होणारं पाणी उन्हाळ्यासाठी साठवायला जंगलातला जुना तलाव दुरुस्त केला. गवतासाठी एवढा खटाटोप कशाला, असं मी पूर्वी म्हणालो असतो. आता वाटतं, खटाटोप झाला म्हणूनच, पिण्याचं पाणी जिथून येतं त्या कार्मेल नदीवरचं तेवढं ओझं कमी झालं. ही नदी उन्हाळ्यात खालच्या अंगाला आटते, तिथले स्टीलहेड मासे संकटात आहेत. 1995 मध्ये राज्याने नदीतला उपसा कमी करण्याचा आदेश दिला, तो उगीच नाही.

हे काम धर्मादाय नव्हतं. खर्चाची हमी घेतल्याच्या बदल्यात मैदानाच्या मालक कंपनीला वर्षाला 365 एकर-फूट, म्हणजे सुमारे 45 कोटी लीटर पिण्याच्या पाण्याचा हक्क मिळाला. हा सौदा मला आजही सलतो. मैदान 1919 चं, शुद्ध केलेलं पाणी त्यानंतर कितीतरी वर्षांनी आलं. 1987 नंतरच्या दुष्काळात लोक अंघोळीचं पाणी मोजून वापरत असताना इथल्या गवताला पिण्याचं पाणी जात होतं, त्याचाही राग गेलेला नाही.

पण आजच्या गवताला मी चोर म्हणत होतो, ते चुकीचं होतं. मंडळाच्या गेल्या बैठकीत उभं राहून तसं सांगितलं, आणि आईचं अळूचं वाक्यही सांगितलं.