पर्समध्ये मावणारा कॅमेरा



हल्ली कॉलेजातली मुलं-मुली जुने, चपटे, खिशात मावणारे डिजिटल कॅमेरे शोधत फिरतात. मागच्या वर्षभरात नात्यातल्या दोन-तीन पोरांनी मला विचारलं, "काकू, तुमच्याकडे होता ना तसला एक? वापरत नसाल तर द्या ना." त्यांना त्या फोटोंचा जरा धुरकट, फ्लॅशने उजळलेला रंग आवडतो म्हणे. हजारोंचा मोबाईल हातात असताना वीस वर्षांपूर्वीची डबी कशाला हवी, हे मला काही उमगलं नाही. पण त्या निमित्ताने त्या कॅमेऱ्याबद्दल लिहावंसं वाटलं. आम्ही तो सात-आठ वर्षं भरपूर वापरला आहे. त्याचे गुण माहीत आहेत, खोडीही माहीत आहेत.

आधी आमच्या घरची थोडी पूर्वपीठिका. रामबागेतलं जुनं घर. सासऱ्यांकडे, म्हणजे बाबांकडे, आग्फा क्लिक थ्री होता. आपल्यापैकी बऱ्याच घरांत असेल. एका रोलमध्ये बारा फोटो. फोटो घरात काढायचा नाही, सूर्य पाठीशी घेऊन उन्हात काढायचा, हा बाबांचा नियम. त्यामुळे आमच्या जुन्या अल्बममधलं सगळं आयुष्य ओटल्यावर आणि गच्चीवर घडलेलं दिसतं. मुंज, बारसं, कुणाची नवी सायकल, कुणाची नवी लूना. आणि कॅमेरा कायम बाबांच्या नाहीतर ह्यांच्या हातात.

या अल्बममध्ये सासूबाई फार थोड्या आहेत. मी एकदा बसून मोजलं. चाळीस वर्षांत अकरा फोटो. अकराही सारखेच. नीट नेसलेली साडी, दोन्ही खांद्यांवरून पदर, हात मांडीवर, चेहरा असा की जणू समोर तहसीलदार बसलाय. आई प्रत्यक्षात अशा मुळीच नव्हत्या. दिवसभर बोलणार, नकला करणार, हसताना डोळ्यांतून पाणी काढणार. पण ज्या आई आम्ही रोज पाहायचो त्या स्वयंपाकघरात असायच्या आणि कॅमेरा कधी तिथवर पोचलाच नाही.

हे फक्त आमच्याच घरचं नाही हो. इंदूरचं आणि कॅमेऱ्याचं नातं जुनं आहे. राजा दीनदयाळ, हिंदुस्थानातले एवढे मोठे फोटोग्राफर, मूळचे मेरठजवळच्या सरधन्याचे. ते 1866 मध्ये इंदूरला नोकरीला आले, बांधकाम खात्यात नकाशे काढायला. फोटोग्राफीचा नाद त्यांना इथेच लागला, आणि होळकरांच्या आणि इंग्रज रेसिडेंटच्या आश्रयाने पहिला स्टुडिओही इथेच झाला. काचेच्या प्लेटा, लाकडी खोकं, तिपाई, डोक्यावर काळं कापड. माणसाला हलायची मुभा नाही. पुढे हैदराबादेत त्यांनी 1892 मध्ये खास पडदानशीन बायकांसाठी 'जनाना स्टुडिओ' काढला आणि तिथे फोटो काढायलाही बाई ठेवली. म्हणजे बायकांचा फोटो हवा तर बायकांना उठवून कॅमेऱ्यापर्यंत न्यायचं. आपल्या यशवंतराव होळकरांचे आणि संयोगिताबाईंचे मॅन रे या कलावंताने 1930 च्या आसपास काढलेले फोटो जगप्रसिद्ध आहेत. दोघं त्यांत चक्क हसताहेत, मस्करी करताहेत. महाराणीला मोकळेपणी हसताना टिपायला पॅरिसचा कलावंत लागला, तर आमच्या आईंची काय कथा!

2006 च्या दिवाळीला धाकटे भाऊजी पुण्याहून आले. येताना तो चंदेरी कॅमेरा घेऊन आले. पत्त्यांच्या कॅटाएवढा, जाडीला त्याहून थोडा कमी, पाच मेगापिक्सेलचा. बाबांनी हातात घेऊन उलटापालटा केला आणि म्हणाले, "हा कॅमेरा आहे की काडेपेटी?" भाऊजींनी तो सरळ माझ्या हातात दिला. "वहिनी, हा तुमच्या पर्समध्ये ठेवा. दादाकडे गेला की कपाटात जाईल."

त्या एका वाक्याने आमच्या घरात बराच फरक पडला.

पहिला गुण हाच, की तो बरोबर असायचा. चांगला कॅमेरा म्हणजे कपाटातला महागडा नव्हे, वेळेला हाताशी असलेला, हे मला त्याने शिकवलं. भाजी घ्यायला जाताना, सरवटे स्टँडवर पाहुण्यांना आणायला जाताना, रात्री सराफ्यात गराडू खाताना, तो पर्समध्ये. दुसरा गुण म्हणजे रोल संपायची धास्ती गेली. छत्तीस फोटोंच्या हिशोबात स्वयंपाकघर कधी बसलंच नसतं. तिसरा, फोटो लगेच मागच्या पडद्यावर दिसायचा. आई चष्मा लावून बघायच्या आणि म्हणायच्या, "पुस तो, मी भोपळ्यासारखी दिसतेय." तो पुसायचा. आपल्या फोटोवर आईंचा असा हक्क पहिल्यांदाच चालला. आणि चौथा गुण म्हणजे तो कुणाला घाबरवत नसे. मोठ्या कॅमेऱ्यासमोर माणसं आपोआप ताठ होतात, या डबीसमोर होत नसत.

आता खोडी. त्याही काही कमी नव्हत्या.

सगळ्यात मोठी खोड अंधाराची. कॅमेरा एवढासा, म्हणून आत प्रकाश टिपणारा तुकडाही एवढासा. अशा कॅमेऱ्यांत तो साधारण 6 मिलिमीटर रुंद आणि 4 मिलिमीटर उंच असायचा, करंगळीच्या नखाएवढा. जुन्या रोलवरची एक चौकट 36 बाय 24 मिलिमीटरची. म्हणजे जवळजवळ पस्तीस पट फरक. उन्हात हा फरक जाणवत नाही, दिवे लागले की लगेच जाणवतो. अनंत चतुर्दशीला गिरण्यांच्या झाँक्या रात्रभर निघतात, हे इंदूरकरांना सांगायला नको. त्या झाँक्यांचे मी दरवर्षी फोटो काढले आणि दरवर्षी रंगीत रेघोट्या घरी आणल्या. फ्लॅश टाकावा तर पुढच्या माणसाचं टक्कल तेवढं लखलखीत यायचं. तो फ्लॅश भिंगाला अगदी चिकटून, त्यामुळे घरातल्या फोटोंत सगळ्यांचे डोळे लाल. भाच्याच्या वाढदिवसाच्या फोटोत केकभोवती भुतावळ जमल्यासारखी दिसते.

दुसरी खोड उशिराची. बटण दाबलं की कॅमेरा आधी विचार करणार, नेम धरणार आणि मग फोटो काढणार. लग्नात 'सावधान' ऐकून बटण दाबावं, तर फोटोत अक्षता जमिनीवर आणि मंडळी जेवणाच्या रांगेकडे निघालेली. तिसरी, डोळा लावून बघायची खिडकीच नव्हती, फक्त मागचा पडदा. महेश्वरच्या घाटावर भर दुपारी त्या पडद्यावर आपलाच चेहरा दिसायचा. चौथी, वजन इतकं कमी की हात जरा थरथरला की फोटो हलला. बाबांच्या जाड बोटांना ती बटणं सापडत नसत, आणि फोटोच्या कोपऱ्यात त्यांचं बोट हमखास यायचं. पाचवी, बॅटरी. घड्याळाच्या पट्ट्याएवढी, त्या एकाच मॉडेलला चालणारी. ती संपली की कोपऱ्यावरच्या दुकानातले पेन्सिल सेल उपयोगाचे नाहीत.

रंगपंचमीची तर वेगळीच गोष्ट. राजवाड्यासमोरच्या गेरमध्ये गुलाल कसा उडतो ते तुम्ही पाहिलंय. शेजारच्या मुलाकडे भिंग पुढे सरकणारा कॅमेरा होता. गुलालाचा बारीक भुगा आत गेला आणि भिंग अर्धवट बाहेर येऊन अडकलं, ते कायमचंच. दुरुस्तीचा आकडा ऐकून त्याने तो नाद सोडला. आमच्या कॅमेऱ्याचं भिंग आतल्या आत असायचं, वर सरकतं झाकण होतं, म्हणून तो तगला. पण अशा नाजूक वस्तूंची दुरुस्ती म्हणजे नव्याच्या निम्मी किंमत, हे तेव्हाच कळलं.

आणि एक खोड कॅमेऱ्याची म्हणावी की माणसांची? तो इतका लहान की समोरच्याला कळायच्या आत फोटो निघायचा. एकदा पुतण्याने आई दुपारच्या झोपल्या असताना त्यांचा फोटो काढला आणि सगळ्यांना दाखवत फिरला. आई रागावल्या नाहीत, पण म्हणाल्या, "बाळा, झोपलेल्या माणसाला विचारता येत नाही, म्हणून त्याचा फोटो काढायचा नाही." आमच्या घरात हा नियम मोबाईलच्या काळातही टिकला आहे.

आता त्या एका फोटोबद्दल. 2008 चा पावसाळा. आई भुट्ट्याचा कीस परतत होत्या, माझी मुलगी ओट्याशी उभी राहून चव बघत होती. मी म्हटलं, "आई, इकडे बघा." आईंनी पदर सारखा केला, तहसीलदार समोर बसल्यासारखा चेहरा केला. मी बटण दाबलं. कॅमेरा आपल्या सवयीप्रमाणे विचार करत बसला. आईंना वाटलं, झाला फोटो. त्यांनी श्वास सोडला, मुलगी काहीतरी पुटपुटली, आणि आई खदखदून हसल्या. तेवढ्यात फोटो निघाला. हातात झारा, कपाळावर घाम, पुढचा पडलेला दात स्पष्ट दिसतोय. आमच्या घरातला आईंचा पहिला खरा फोटो. त्याच कॅमेऱ्याच्या खोडीमुळे मिळालेला.

आई 2012 मध्ये गेल्या. भिंतीवर कुठला फोटो लावायचा, यावरून घरात चांगलीच चर्चा झाली. मोठे दीर म्हणाले, पन्नाशीत स्टुडिओत काढलेला आहे तो लावू, शोभून दिसेल. भिंतीवरच्या फोटोत माणूस असा तोंड उघडून हसतो का? मला कीस परततानाचा हवा होता, पण सुनेने किती बोलावं? फोटो मोठा करायला दिला तेव्हा दुकानदारही म्हणाला, "भाभी, बड़ा तो कर दूँगा, पर दाना दिखेगा." त्याचं खरं होतं. एका बल्बच्या उजेडात काढलेला पाच मेगापिक्सेलचा फोटो, मोठा केल्यावर गालावर रव्यासारखे दाणे दिसायला लागले.

शेवटी दोन्ही फोटो वन्संपुढे ठेवले. त्यांनी स्टुडिओतला बघितला, बाजूला ठेवला. दुसरा हातात घेऊन बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "दादा, ही आई आहे. तो फोटो आहे." पुढे कुणी काही बोललं नाही. दाण्यांसकट तो फोटो हॉलमध्ये आहे. दीरही आता येणाऱ्या-जाणाऱ्याला तो कौतुकाने दाखवतात.

या कॅमेऱ्यांचं राज्य फार टिकलं नाही. कोडॅक कंपनीत स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनिअरने 1975 मध्ये पहिला डिजिटल कॅमेरा केला, तो साडेतीन किलोच्या वर होता आणि एक फोटो कॅसेटवर साठवायला 23 सेकंद घ्यायचा. तिथून निघून तीसेक वर्षांत तो आमच्या पर्समध्ये आला. 2010 मध्ये जगभरात 12 कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे विक्रीला गेले. दहा वर्षांनी, 2020 मध्ये, हा आकडा एक कोटीच्याही खाली आला. मोबाईलने त्यांना हरवलं ते त्यांच्याच गुणाने, सतत हाताशी असण्याच्या.

तुमच्याही कपाटात असा एखादा पडला असेल तर तीन गोष्टी सांगते. एक, त्याची बॅटरी काढून बघा. फुगली असेल तर चार्जिंगला लावू नका, घरात ठेवूही नका, इलेक्ट्रॉनिक कचरा घेतात तिथे द्या. दोन, आतलं कार्ड काढून सगळं दोन ठिकाणी उतरवून घ्या. आमच्या ओळखीच्या एका घरी मुंजीचे सगळे फोटो एकाच कॉम्प्युटरवर होते, तो बंद पडला आणि मुंज फक्त आठवणीत राहिली. फोटोंबरोबर छोटे व्हिडिओही तपासा. आमच्या कार्डवर अर्ध्या मिनिटाचा एक निघाला, त्यात कीसात दूध कधी घालायचं हे आई सांगताहेत. चित्र खराब आहे, आवाज अगदी स्वच्छ. तीन, शंभरांतले पाच निवडा, कागदावर छापून घ्या आणि मागे मऊ पेन्सिलीने नावं-वर्ष लिहा. बाबांच्या आग्फाचे फोटो आजही डबा उघडला की दिसतात, कार्डावरचे तसे दिसत नाहीत.

मी म्हणून तो कॅमेरा कुणाला दिलेला नाही. मुलांना सांगितलं, घरी येऊन वापरा.

फोटो निवडताना एक गोष्ट मात्र माझ्या मुलीच्या लक्षात आली. ती म्हणाली, "आई, या आठ वर्षांत आजी सगळीकडे आहे, पण तू कुठेच नाहीस." खरंच होतं. कॅमेरा माझ्या हातात होता ना! तेव्हा मंडळी, तुमच्या घरात जी सगळ्यांचे फोटो काढते, तिच्या हातातून येत्या सणाला मोबाईल काढून घ्या. आणि बटण दाबल्यावर लगेच "झालं" म्हणू नका, जरा थांबा.