चौरागढचा त्रिशूळ

आपल्या पांढुर्णा-सौंसर भागात 'महादेवाला जाऊन आलो' म्हटले की पचमढीचे नाव वेगळे घ्यावे लागत नाही. महाशिवरात्र आली की खांद्यावर त्रिशूळ घेतलेले यात्रेकरू आपल्याकडून आणि विदर्भातून निघतात.

आमच्याही देवघराच्या कोपऱ्यात एक त्रिशूळ उभा होता. लहानपणी मला विषमज्वर झाला, तेव्हा वडिलांनी नवस बोलून तो घडवून घेतला होता. पण कधी संत्र्याचा बगीचा, कधी बहिणीचे लग्न, मग त्यांचे गुडघे. जाणे राहूनच गेले. वडील गेल्यावर आई म्हणाली, "नवस त्याईचा होता, फेडाचा तुले हाय." मी भूगोल शिकवणारा माणूस, नवसावर माझा विश्वास नाही. तरी निघालो.

छिंदवाडा, परासिया, तामिया, मटकुली असा रस्ता. वाटेत दगड बदलतो. पांढुर्ण्याकडचा काळा दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. पचमढीचा वालुकाश्म वीस कोटी वर्षांहून जुना, प्राचीन नद्यांनी वाहून आणलेल्या वाळूचा. त्यात पाणी मुरते, म्हणूनच बडा महादेवच्या गुहेत ते सतत ठिबकत असते. मध्यप्रदेशातील सर्वांत उंच शिखर, 1352 मीटरचे धूपगढ, याच डोंगरांत आहे. भोवतीचे जंगल 1981 पासून सातपुडा राष्ट्रीय उद्यान आहे.

बडा महादेवपासून चौरागढची चढण सुरू होते. पायऱ्या हजाराहून अधिक. अर्ध्यावर मला धाप लागली. मागून येणारे एक अनोळखी म्हातारबा म्हणाले, "द्या इकडं, घटकाभर मी धरतो." मी दिला नाही. का, ते मलाच कळले नाही.

माथ्यावर हजारो त्रिशूळ, काही नवे, काही गंजलेले. प्रत्येकामागे कोणाचे तरी आजारपण, कोणाची तरी काळजी. आमचा त्रिशूळ तिथे टेकवताना जाणवले, तो माझ्या वजनाचाच होता. आजारी मुलाच्या उशाशी बसलेल्या बापाची भीती इतकी वर्षे घरात उभी होती आणि मी तिला लोखंड समजत होतो.

घरी आल्यावर आईने एवढेच विचारले, "जड लागला का रे?"

"नाही," मी म्हणालो. ती देवघराच्या रिकाम्या कोपऱ्याकडे पाहत राहिली.

वाचकहो, महादेवाला जाल तेव्हा त्रिशूळ तिथे ठेवा, प्लॅस्टिक मात्र परत आणा. आणि घरात मोठ्यांचे काही राहून गेले असेल, तर ते असतानाच विचारून घ्या.