सोयरसुतक नसलेले बेट

जलपर्यटनास निघालेल्या मनुष्याच्या वाट्याला कोणतेही गाव पुरते येत नाही. ते त्याला तासांच्या मापाने मोजून मिळते. सकाळी उतरावे, दुपारी परतावे आणि मधल्या वेळात दोन हजार वर्षे पाहून घ्यावीत, असा तो व्यवहार असतो. आमच्या हिंगोलीकडे औंढ्या नागनाथाला यात्रेच्या मोटारी येतात, त्यांतील मंडळींचीही हीच तऱ्हा. दर्शन, प्रसाद, घोटभर चहा, की लगेच 'चला, गाडी सुटते' अशी हाकाटी! त्यांच्याकडे आम्ही गावकरी नेहमीच काहीशा कौतुकाने आणि काहीशा करुणेने पाहत आलो आहोत. गेल्या आषाढात ग्रीसच्या समुद्रात आम्ही उभयता तसेच उतारू झालो.

आमचे जहाज मिकोनोस बेटापाशी नांगरून पडले होते. तेथून लहान बोटीने अर्ध्या तासाच्या अंतरावर डेलॉस नावाचे बेट आहे. लांबी सुमारे पाच किलोमीटर, रुंदी जेमतेम सव्वा. आपल्याकडील एखाद्या मध्यम गावाचे शिवारही याहून मोठे भरेल. पहारेकरी आणि उत्खननाचे संशोधक वगळले, तर तेथे कोणालाही रात्री राहण्याची मुभा नाही.

उन्हाची मातबरी मराठवाड्याच्या माणसाला कोणी सांगू नये. वैशाखात काळ्या जमिनीला पडणाऱ्या भेगा पाहत आम्ही लहानाचे मोठे झालो. पण आमच्या उन्हाला निंबाची सावली असते, ओसरीवर रांजण असतो, आणि दुपारी दार लोटून घेतले म्हणजे घरात काळोखाचा गारवा असतो. डेलॉसच्या उन्हाला यांपैकी काहीच नाही. वर निळेभोर आकाश, खाली पांढरे संगमरवर, आणि या दोहोंमध्ये सापडलेला मनुष्य! वारा मात्र अखंड वाहतो, त्यामुळे अंग भाजते आहे हे ध्यानात येईपर्यंत ते भाजून झालेले असते. भग्न खांबांवर सरडे तेवढे स्वस्थ पडलेले होते. त्या भूमीचे खरे रहिवासी तेच.

या खडकाला एवढे माहात्म्य कशाने आले? एका बाळंतपणाने. लेटो ही देवी झ्यूसपासून गरोदर राहिली. झ्यूसची पत्नी हेरा हिच्या धाकाने तिला कोणतीही भूमी थारा देईना. अखेर समुद्रावर तरंगत फिरणाऱ्या या ओसाड बेटाने तिला जागा दिली. ताडासारख्या एका वृक्षाला मिठी मारून तिने वेणा सोसल्या आणि अपोलोला जन्म दिला. कथा सांगते, की तेव्हापासून बेट स्थिर झाले. जेथे हे घडले म्हणतात तेथील पवित्र तळे हिवतापाच्या भीतीने विसाव्या शतकात कोरडे करण्यात आले. त्याच्या मध्यभागी आज एक ताडवृक्ष लावलेला आहे. जवळच नॅक्सॉसच्या लोकांनी इ. स. पूर्व सातव्या शतकात अर्पण केलेल्या सिंहांची रांग आहे. मूळ सिंह संग्रहालयात ठेवले असून उन्हात बसलेल्या आहेत त्या प्रतिकृती.

देवळांहून माझे मन रमले ते घरांत. मधोमध चौक, भोवती खांबांचा सोपा, सोप्याला लागून खोल्या आणि चौकाच्या पोटात पावसाचे पाणी साठविण्याचे टाके! अशा एका घराच्या उंबरठ्यावर मला क्षणभर आमच्या कयाधूकाठच्या वाड्यात आल्यासारखे वाटले. सौभाग्यवतींनाही तसेच वाटले असावे. चारी बाजूंना पाहून त्यांनी विचारले, "अहो, यांत बाळंतिणीची खोली कोणती?"

प्रश्न साधा होता, पण त्याचे उत्तर त्या बेटाच्या साऱ्या इतिहासावर प्रकाश पाडणारे आहे. इ. स. पूर्व 426 च्या हिवाळ्यात अथेन्सच्या लोकांनी डेलॉसची 'शुद्धी' केली. बेटावरची सारी थडगी उकरून शेजारच्या रेनिया बेटावर नेली आणि असा दंडक घातला, की यापुढे येथे कोणी जन्मू नये आणि कोणी मरू नये. दिवस भरत आलेली स्त्री आणि अखेरच्या घटका मोजणारा रोगी, दोघांनाही होडीत घालून रेनियाला न्यावे. थ्युसिडिडीसने हे सारे लिहून ठेवले आहे. पुढे चार वर्षांनी अथेन्सकरांना वाटले, की एवढ्यानेही शुद्धी पुरी झाली नाही. तेव्हा त्यांनी जिवंत रहिवाशांनाच बेटाबाहेर काढले! डेल्फीच्या देववाणीवरून पुढच्या वर्षी त्यांना परत आणावे लागले, ही गोष्ट निराळी.

सोयरसुतक आपल्यालाही अपरिचित नाही. पण आपले सोयर आणि सुतक दहा दिवसांचे पाहुणे असतात. त्या दिवसांत देव बाजूला होतात, घरातले माणूस आत राहते. डेलॉसमध्ये देव कायमचे आत राहिले आणि माणसाला बाहेर जावे लागले. ज्या भूमीचे सारे पावित्र्य एका प्रसूतीपासून उगम पावले, तिने पुढे कोणाही आईला थारा देऊ नये, यापरते नवल कोणते?

या दंडकामुळेच बेट ओसाड पडले, असे मात्र इतिहास म्हणू देत नाही. त्यानंतरही डेलॉस भरभराटले. इ. स. पूर्व 166 च्या सुमारास रोमने ते जकातमुक्त बंदर केले, आणि दिवसाला दहा हजार गुलामांची उलाढाल पेलणारी त्याची बाजारपेठ स्ट्रेबोने नमूद केली. मिसर आणि सीरिया देशांच्या देवांचीही मंदिरे तेथे उठली. मग इ. स. पूर्व 88 मध्ये मिथ्रिडेटीसच्या सैन्याने आणि 69 मध्ये चाच्यांनी ते लुटले, व्यापाराच्या वाटा बदलल्या आणि वस्ती विरत गेली. लुटली गेलेली गावे पुन्हा वसतात, हे आपण पाहतोच. तेथे परतणाऱ्यांची नाळ त्या मातीत पुरलेली असते. डेलॉसच्या मातीत कोणाची नाळ होती? व्यापारी नफ्यासाठी आले होते. नफा सरताच गेले. मला तरी बेटाच्या त्या अपार शांततेचा अर्थ असाच लागला.

आमच्या जिल्ह्यातील नर्सी पाहा. तेथे ना संगमरवर, ना सिंह. नामदेवांचा जन्म तेथे झाला, असे परंपरा सांगते आणि तेवढ्या एका जन्माच्या बळावर गाव वारकऱ्यांचे झाले. ज्यांच्या ग्रंथसाहेबात नामदेवांची पदे आहेत, ते शीख यात्रेकरू पंजाबातूनही तेथे येतात. त्या गावात अजून पाळणे हलतात, तिरड्या उठतात आणि एकादशीला टाळही वाजतात. देवाला त्याची अडचण होत असल्याचे ऐकिवात नाही.

बोट परत निघाली तेव्हा मी हिशोब करीत होतो, पण तो डेलॉसचा नव्हता. आमच्या वाड्यातील काळोख्या खोलीत वडिलांचा जन्म झाला, माझा झाला, चार आत्यांचा झाला. माझ्या मुलीचा झाला तो नांदेडच्या इस्पितळात. आई गेली तीही इस्पितळातच. त्यात गैर काही नाही. आजीने त्या खोलीत दोन लेकरे गमावली होती. वैद्यक जवळ असणे हेच बरे. पण आज पंचवीस वर्षे त्या वाड्याला ना सोयर आहे ना सुतक. वर्षातून दोनदा गडी तो झाडून काढतो, देवघरात दिवा लावतो आणि कुलूप घालून जातो. वाडा अगदी स्वच्छ आहे, डेलॉसइतकाच.

मुलीचे दिवस कार्तिकात भरतात. बाळंतपण पुण्यासच होईल. मी सौभाग्यवतींना म्हटले, "बारसे तरी वाड्यात करू या का?"

त्या बराच वेळ मागे पडणाऱ्या पांढऱ्या दगडांकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "करू. पण आधी त्या खोलीचे छत शाकारून घ्या. आणि चांगली महिनाभर राहायला येईन मी. दर्शन, प्रसाद आणि 'गाडी सुटते' हे नको."