दादाला साथ, दारूला नाही

श्रावण पाळायचा म्हणून दादानं दारू एकदम बंद केली. दुसऱ्या रात्री त्याला भिंतीवर मुंग्याच मुंग्या दिसायला लागल्या. भिंत कोरी होती. हात इतके थरथरत, की वहिनी त्याला चहा अर्धाच कप देई. ‘मनावर घेतलंय, होईल बरा,’ असं घरात सगळे म्हणत होते. डॉक्टरांनी मात्र त्याला ताबडतोब दवाखान्यात हलवलं. वर्षानुवर्षं पिणाऱ्याची दारू अचानक तुटली, तर फिट येते, भ्रम होतो, प्रसंगी जीवही जातो. म्हणून सोडायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

पुढे तो पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात दाखल झाला. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीच्या बळावर १९८६ मध्ये हे केंद्र सुरू केलं. तिथं व्यसनाला आजार मानतात आणि घरच्यांनाही उपचारात सामील करून घेतात. समुपदेशक ताईंनी वहिनीला विचारलं, “तुम्ही वेळेवर जेवता का?” वहिनीला रडूच फुटलं. आजवर सगळे दादाबद्दलच विचारत आले होते.

मग ती अल-अनॉनच्या मीटिंगला जाऊ लागली. पिणाऱ्यांच्या नातेवाइकांसाठी १९५१ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या या गटाच्या सभा महाराष्ट्रातही भरतात. नवऱ्याच्या पिण्याचं कारण आपण नाही, ते थांबवणं आपल्या हातात नाही आणि त्याला बरं करणंही नाही, हे तिला तिथं पटलं. घरी येऊन तिनं दादाला स्पष्ट सांगितलं, “फॉलोअपला तुमच्यासोबत येईन. पण ऑफिसात खोटं सांगणार नाही आणि बारची उधारी फेडणार नाही.” हे बोलताना तिचा आवाज जराही चढला नव्हता.

वर्षभरानं एका वरातीत दादाची स्लिप झाली, म्हणजे तो पुन्हा प्यायला. सकाळी वहिनीनं ना भांडण काढलं, ना त्याच्या साहेबांना फोन केला. दादानं स्वतःच साहेबांना खरं सांगितलं आणि संध्याकाळी दारू सोडू पाहणाऱ्यांच्या एए (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस) गटाच्या मीटिंगला जाऊन सगळ्यांसमोर स्लिप कबूल केली. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, हा आता सावरेल. कारण स्वतःच्या आजाराची जबाबदारी त्यानं स्वतः उचलली होती, आणि ती उचलायला वहिनीनं त्याला वाव दिला होता.

तुमच्या घरात कुणी पीत असेल, तर तो उपचाराला तयार होईपर्यंत थांबू नका. आधी तुम्ही अल-अनॉनच्या मीटिंगला जा.