गंगापूरच्या पाण्याकाठी चार वाजताचा चहा

नाशिकला येणारे आपले बांधव त्रिरश्मी लेणी पाहतात, काळाराम मंदिराचा दरवाजा पाहतात आणि संध्याकाळच्या गाडीने परततात. आणखी अर्धा दिवस हाताशी असेल तर गंगापूर धरणाच्या पाण्याकाठी बसून चहा प्यावा, असे आम्ही सुचवू. पावसाळा सरल्यावर एका रविवारी आम्ही चार मित्र आपापली कुटुंबे घेऊन जाऊन आलो.

सकाळी त्रिरश्मी. मुंबई-आग्रा महामार्गालगतचा हा डोंगर. पायथ्याशी बुद्ध स्मारक आहे, तेथे वंदना घेतली. वर चोवीस लेणी. लोक अजून ‘पांडवलेणी’ म्हणतात, पण ही लेणी भिक्खूसंघासाठी कोरली, असे भिंतीवरचे लेखच सांगतात. दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा लेख आहे. त्याने संघासाठी ३००० कार्षापण कायमची ठेव म्हणून विणकरांच्या श्रेणींकडे ठेवले. पैकी २००० वर दरमहा शेकडा १ व्याज, म्हणजे वर्षाला २४०. त्यातून वीस भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी. कारकुनी करणाऱ्या आम्ही तेथेच हिशेब करून पाहिला, तो बरोबर जुळला! राजघराण्याचा पैसा विणकरांच्या हाती सुरक्षित मानला जाई, ही कष्टकऱ्यांची पत मुलांना मुद्दाम सांगितली.

त्याच लेण्यातल्या दुसऱ्या एका लेखात आणखी एक गोष्ट आहे. उषवदाताने नद्यांवर फुकट नावा चालविल्या आणि दोन्ही तीरांवर लोकांना टेकायला जागा व पाणपोया केल्या. पाण्याकाठी वाटसरूने निवांत बसावे, ही सोय आपल्या भूमीत इतकी जुनी आहे.

दुपारी गंगापूरकडे निघालो. गोदावरीवरचे हे मातीचे धरण नाशिक शहराची तहान भागवते. पाण्याकाठी पर्यटन विकास महामंडळाचा बोट क्लब आहे. पलीकडे डोंगरांची रांग, अलीकडे द्राक्षांचे मळे आणि मध्ये लांबवर निळे पाणी. मुलांना वारा लागताच आवरणे कठीण झाले.

चार वाजता पाण्यासमोरच्या एका उपाहारगृहात बसलो. चहा, कांदाभजी, सँडविच, बिस्किटे. मोठ्या हॉटेलांत याला ‘हाय टी’ म्हणतात आणि दामही तसाच घेतात. पण मूळ इंग्लंडात हाय टी म्हणजे गिरणी-कारखान्यातून थकून आलेल्या कामगाराचे संध्याकाळचे जेवण. उमरावांचा दुपारचा चहा वेगळा. म्हणजे नावाने तरी हा चहा आपलाच!

आमच्याबरोबरच्या एका वयस्क मावशी मात्र खुर्चीजवळ उभ्याच राहिल्या. हळूच म्हणाल्या, “इथं आपल्याला बसू देतील ना रं?” त्यांच्या लहानपणी गावच्या हॉटेलात आपल्या माणसांची कपबशी वेगळी असे. बाहेर बसून प्यायचे आणि आपणच विसळून ठेवायचे. आम्ही म्हटले, “मावशी, बसा. हा हक्क बाबासाहेबांनी लिहून ठेवलाय.”

आणि तो खरोखर लिहिलेला आहे. १९०१ साली मसूर स्टेशनवरून वडिलांकडे निघालेल्या लहानग्या भीमरावांजवळ जेवणाचे डबे होते, पण कोणी पाणी दिले नाही म्हणून ती भावंडे उपाशी झोपली. १९२७ साली महाडचे चवदार तळे. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचे दरवाजे बंद झाले, तेव्हा सत्याग्रहींची मिरवणूक गोदावरीच्या घाटावर गेली आणि तेथेच सभा भरली. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी तो लढा पुढे वर्षानुवर्षे चालविला. आणि १९५० साली अमलात आलेल्या संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले आणि विहिरी, तलाव, स्नानघाट एकापाठोपाठ आले. चहाची खुर्ची आणि पाण्याचा काठ, दोन्ही एकाच अनुच्छेदात.

काही कार्यकर्ते म्हणतात, चळवळीच्या माणसाने सहलीवर पैसा का घालवावा? उधळपट्टी नकोच. कर्ज काढून तर मुळीच नको. पण महिना-दोन महिने थोडे बाजूला टाकून कुटुंबाला एक दुपार दिली तर चळवळ काही मागे पडत नाही. घरी सर्वांना चहा देऊन स्वतः उरलेला गार चहा पिणाऱ्या आमच्या गृहिणींना त्या दिवशी पहिला गरम कप मिळाला. मावशींनी तर दुसराही मागितला, तोही आवाज चढवून!

जाणाऱ्यांसाठी दोन शब्द. शहरापासून धरण दहा-बारा किलोमीटर आहे. चार कुटुंबांनी मिळून गाडी केली तर खर्च वाटला जातो. नावेत बसताना लाइफ जॅकेट घालावेच. मुलांना पाण्यात उतरू देऊ नये. आणि प्लॅस्टिकचे पेले, पिशव्या काठावर टाकू नयेत. ज्या पाण्यासाठी आपल्या वाडवडिलांनी लाठ्या खाल्ल्या, ते स्वच्छ राखणे हेही आपलेच काम.

जय भीम!