हिमनदीच्या काठचा मुक्काम

लॉज म्हटले की आपल्याला एस.टी. स्टँडसमोरची पाटी आठवते. खाली चहाचे हॉटेल, वर चार खोल्या, जिन्यात पानाच्या पिचकाऱ्या. ज्या लॉजविषयी आज सांगायचे आहे तिथे मात्र एस.टी. सोडाच, रस्ताच जात नाही. समोर समुद्र, मागे बर्फाचा डोंगर आणि आसपास अस्वले. अमेरिकेच्या अलास्का राज्यातले हे ठिकाण. नाव केनाई फियॉर्ड्स ग्लेशियर लॉज. ग्लेशियर म्हणजे हिमनदी आणि फियॉर्ड म्हणजे हिमनदीने कोरलेली, समुद्राचे पाणी आत शिरलेली खोल खाडी.

तिकडे जायचे तर आधी अँकरेज हे मोठे शहर गाठावे लागते. तिथून सुमारे दोनशे किलोमीटरवर सेवर्ड हे छोटे बंदर आहे. मोटारीने जाता येते, रेल्वेही आहे. रेल्वेने जावे, कारण वाटेतले डोंगर, तळी आणि बर्फ खिडकीतून निवांत बघता येते. विल्यम सेवर्ड या अमेरिकन मंत्र्याने १८६७ साली रशियाकडून सगळा अलास्का ७२ लाख डॉलरला विकत घेतला. त्याचेच नाव या गावाला आहे. विकणारा रशिया, घेणारी अमेरिका. त्या भूमीवर हजारो वर्षे राहणाऱ्या माणसांना कोणी विचारले नाही. गाव म्हणाल तर साधे आहे. मासेमारी, गोदी आणि उन्हाळ्यातले पाहुणे यांवर चालते. २७ मार्च १९६४ च्या ९.२ तीव्रतेच्या भूकंपात इथला धक्काच समुद्रात घसरला, तेलाच्या टाक्या पेटल्या आणि पाठोपाठ लाटा आल्या. किनाऱ्यालगत काही ठिकाणी पांढरीफटक मेलेली झाडे अजून उभी दिसतात. भूकंपात जमीन खचली, मुळांना खारे पाणी लागले आणि झाडे जागच्या जागी वाळली.

सेवर्डहून पुढे बोट. बोटीवर ज्यांना त्रास होतो त्यांनी आल्याचा तुकडा जवळ ठेवावा, खाडीचे तोंड ओलांडले की समुद्र चांगलाच हलवतो. पण हा प्रवास म्हणजेच अर्धी सहल. सी-ऑटर नावाचे पाणमांजर पाठीवर पडून तरंगत असते. तिथे त्याची झोप, जेवण, सगळे पाठीवरच. पोटावर दगड ठेवून त्याच्यावर शिंपले आपटून फोडते. आई पिल्लालाही पोटावरच घेऊन फिरते. बायाबापड्यांना आणि मुलांना या प्राण्याइतके दुसरे काही आवडत नाही. खडकांवर समुद्रसिंह ओरडत पडलेले असतात. पफिन हा रंगीत चोचीचा जाडसर पक्षी हवेत उडताना धडपडतो, पण पाण्याखाली पंख मारत झकास पोहतो. नशिबाने नव्हे, पण थोडी वाट पाहिली तर देवमासाही शेपटी दाखवतो.

मग एयालिक खाडीत बोट शिरते आणि समोर एयालिक हिमनदीचा कडा उभा राहतो. या डोंगरांच्या मागे हार्डिंग नावाचे सुमारे अठराशे चौरस किलोमीटरचे हिमक्षेत्र आहे. त्यातून चाळीसएक हिमनद्या खाली उतरतात. वर्षानुवर्षे बर्फावर बर्फ पडते, खालचे दाबले जाते, त्यातली हवा निघून जाते आणि घट्ट बर्फ स्वतःच्याच वजनाने उताराला हळूहळू सरकू लागते. ही हिमनदी. तिचे बर्फ निळे का दिसते? प्रकाशातला तांबडा रंग ते शोषून घेते आणि निळा आपल्यापर्यंत येऊ देते. रंग लावलेला नाही आणि चमत्कारही नाही. कड्याचा तुकडा सुटून समुद्रात कोसळतो तेव्हा लाट उठते, म्हणून बोटी आणि होड्या लांबच थांबवतात. अर्ध्या मैलावरून पाहिले तर तुकडा पडताना आधी दिसतो आणि दोन-अडीच सेकंदांनी तोफेसारखा आवाज येतो. वीज आणि गडगडाट यांचाच हिशोब. पोरांना सेकंद मोजायला लावावेत.

लॉज या कड्यासमोर नाही, शेजारच्या पेडरसन हिमनदीच्या खाजणाकाठी आहे. किनाऱ्यावर उतरायचे आणि झाडीतून चालत जायचे. एक मोठे सामाईक घर, सभोवती लाकडी खोल्या, मधून दलदलीवर फळ्यांच्या पायवाटा. दिवसभराचा उद्योग म्हणजे वाटाड्याबरोबर कायाक नावाची अरुंद होडी वल्हवत एयालिकच्या कड्याच्या बाजूला जाणे, नाहीतर खाजणात साधी होडी घेऊन तरंगत्या बर्फामधून फिरणे, नाहीतर किनाऱ्याने चालणे. बर्फाच्या तुकड्यांवर सील पहुडलेले असतात. त्यांच्या जवळ गेले तर ते घाबरून पाण्यात उडी मारतात आणि पिल्ले मागे राहतात, म्हणून जवळ जायचे नाही असा नियम आहे आणि तो पाळतात. काळी अस्वले खाजणाच्या काठी गवत खायला येतात. त्यांना भिऊन पळायचे नाही. बोलत, टाळ्या वाजवत चालायचे, म्हणजे अस्वलच बाजूला होते.

आमचा भाचा अँकरेजला नोकरीला आहे म्हणून आमचे तिकडे जाणे झाले. लॉजवर मात्र राहिलो नाही. तिथल्या एका रात्रीचे भाडे अमेरिकेतल्या कामगारालाही खिसा चाचपायला लावणारे आहे. आम्ही दिवसाची बोट केली, डबा बरोबर नेला, आणि समुद्र, कडा, पाणमांजर या गोष्टी त्यातही तेवढ्याच दिसल्या. तरीही हे लॉज मला सांगावेसे वाटले ते दुसऱ्याच कारणासाठी. त्याच्या खालची जमीन पोर्ट ग्रॅहम या आदिवासी गावाच्या कंपनीच्या मालकीची आहे.

या किनाऱ्यावरचे मूळ लोक सुगपियाक. त्यांच्या भाषेत या शब्दाचा अर्थ खरी माणसे. रशियन व्यापाऱ्यांनी पाणमांजराच्या कातड्यासाठी त्यांना जबरदस्तीने शिकारीला जुंपले. पुढे अमेरिकन राज्य आले तरी अलास्काच्या हॉटेलांच्या दारांवर आदिवासींना प्रवेश नाही अशा पाट्या होत्या. मुक्कामाला जागा न मिळणे म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या बाबासाहेबांना १९१७ साली बडोद्यात पारशी धर्मशाळेतून लाठ्या घेऊन आलेल्या माणसांनी बाहेर काढले होते.

त्या पाट्या कशा निघाल्या ते ऐकण्यासारखे आहे. सेवर्डपासून दूर, जुनो या राजधानीत एलिझाबेथ पेराट्रोविच ही त्लिंगित जमातीची बाई राहायला आली. तिला आणि तिच्या नवऱ्याला घर भाड्याने मिळेना. दोघेही आदिवासींच्या संघटनांचे पुढारी होते. तिने लेखी निषेध केला, कायद्याची मागणी लावून धरली. १९४५ च्या फेब्रुवारीत कायदेमंडळात चर्चा चालू असताना एका सभासदाने, रानटीपणातून कालपरवा बाहेर आलेल्यांनी गोऱ्यांच्या पंक्तीला का बसावे, अशा अर्थाचा प्रश्न केला. एलिझाबेथ उठली आणि तिने अशा अर्थाचे उत्तर दिले की पाच हजार वर्षांच्या संस्कृतीवाल्यांना हक्कांच्या सनदेची आठवण आमच्यासारख्यांना करून द्यावी लागेल असे वाटले नव्हते. कायदा मंजूर झाला. १६ फेब्रुवारीला त्याच्यावर सही झाली आणि तो दिवस अलास्कात आता तिच्या नावाने पाळतात. २०२० साली अमेरिकेच्या एका डॉलरच्या नाण्यावर तिचे चित्र आले.

पाटी निघाली तरी जमीन मिळायला १९७१ साल उजाडले. त्या वर्षीच्या कायद्याने अलास्काच्या आदिवासींना ४ कोटी ४० लाख एकर जमीन आणि ९६ कोटी २५ लाख डॉलर देण्यात आले, पण गावपंचायतीला नव्हे, नव्याने काढलेल्या कंपन्यांना. माणूस तिथे भागधारक झाला. सामाईक जमिनीचा असा शेअर करणे अनेक आदिवासींना पटलेले नाही आणि मलाही ते अर्धवटच वाटते. नफा झाला तरच कंपनी चालते, म्हणजे जंगल राखायचे की विकायचे हा प्रश्न दरवर्षी समोर येतो. पोर्ट ग्रॅहमने या खाजणाभोवतीची जमीन पशुपक्ष्यांसाठी राखली आणि तिच्यावर मोजक्या खोल्या उभ्या राहू दिल्या. मला तरी हा त्यातल्या त्यात शहाणपणाचा मार्ग वाटतो. १९८९ साली एक्सॉन व्हाल्डेझ हे जहाज खडकावर आपटून त्याचे तेल याच किनाऱ्यापर्यंत आले, तेव्हा शिंपले आणि मासे खाऊन जगणाऱ्या या गावांनी पाणी मेलेले पाहिले आहे.

ज्यांना बोटीचा खर्च नको त्यांनी एक्झिट हिमनदी पाहावी. या राष्ट्रीय उद्यानात रस्त्याने पोचता येते ते एवढेच ठिकाण. सेवर्डपासून वीसेक किलोमीटर, आणि प्रवेश फुकट. छत्रीपेक्षा रेनकोट न्यावा, पाऊस वाऱ्याबरोबर आडवा येतो. कसलेल्या पायांसाठी हार्डिंग हिमक्षेत्राच्या कडेपर्यंत चढण आहे. जाऊन येऊन तेरा किलोमीटर, पुरा दिवस लागतो. बाकीच्यांनी खालच्या वाटेने जावे.

या वाटेला लागण्याआधीच रस्त्याच्या कडेला साल लिहिलेल्या छोट्या पाट्या सुरू होतात. त्या साली हिमनदीचे टोक तिथे होते. २०१५ साली राष्ट्राध्यक्ष ओबामा मुद्दाम ही वाट चालून गेले. आम्हीही पाट्या वाचत चाललो आणि आपल्या हिशोबाने त्या लावत गेलो. १९१७ म्हणजे बडोदा. १९२६, महाडच्या आदल्या वर्षी बर्फ इथवर. १९५१, बाबासाहेबांनी कायदेमंत्रिपद सोडले तेव्हा इथवर. दोन पाट्यांमध्ये आता उंच झाडे वाढली आहेत. पेडरसनचेही तसेच, १९१७ च्या फोटोत जिथे हिमखंडांनी भरलेले पाणी आहे तिथे २००५ च्या फोटोत गवत दिसते. २०१० ची पाटी आली तेव्हा वाटले, पोचलो. पण बर्फ तिथे नव्हते. पुढे नुसते दगडगोटे, त्यांतून वाहणारे राखाडी पाणी, आणि हिमनदी पलीकडे वर, कपारीत.